छिन्नी, हातोडी आणि समुद्रफुलं

घरातल्या माशांच्या काचेच्या पेटीला आपण सहज ‘ॲक्वेरियम’ म्हणतो. हा शब्द या अर्थाने रुळला तो फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकामुळे, त्याच्या १८५४ च्या पुस्तकातून. त्या पुस्तकापायी डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकातली डबकी ओकीबोकी झाली, असा आरोप पुढे एकाने केला. आरोप करणारा त्याचाच मुलगा होता!

गॉस १८५२ साली आजारपणातून सावरायला डेव्हनला गेला. ओहोटीला खडपं उघडी पडली की हा माणूस छातीभर पाण्यात उतरायचा, कपारी न्याहाळायचा, सापडेल ते बरणीत घालून घरी न्यायचा. डबक्यातले जीव घरी जगतात कसे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. समुद्राचं पाणी दोन दिवसांत नासायचं. पण पाण्यात योग्य वनस्पती असली तर ती प्राणवायू सोडते आणि प्राणी जगतात, हे त्याच सुमारास काही लोकांनी ताडलं होतं. गॉसने ते समुद्राच्या पाण्यात करून दाखवलं.

खरी गोम इथेच आहे. समुद्री शेवाळाला मुळं नसतात, ते खडकाला नुसतं चिकटून असतं. ओरबाडलं तर मरतं. म्हणून गॉसचा सल्ला असा, की छिन्नी-हातोडी घ्या आणि शेवाळ खडकाच्या कपचीसकट काढा. एकट्या अभ्यासकाने असं केलं तर किनाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८४८ मध्ये टॉर्कीपर्यंत आगगाडी आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं, त्यासाठीही गॉसने जीव गोळा करून दिले होते. त्यावर त्याची सुंदर रंगीत चित्रांची पुस्तकं! मग काय, दिवाणखान्यात समुद्रफूल असणं ही फॅशनच झाली. बायाबापड्या, पाद्री, शाळामास्तर, सगळे हातोड्या घेऊन खडपांवर. गॉस स्वतः किनाऱ्यावर वर्ग घ्यायचा. ही हौस १८६० च्या दशकात ओसरली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

१८५७ मध्ये गॉसची बायको कॅन्सरने गेली. त्याच वर्षी तो आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन टॉर्कीशेजारी सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला आला. बाप-लेक डबक्यांवर वाकून तासन्‌तास बघत बसायचे. एडमंडने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ लिहिलं (आधी निनावी), त्यात हे सगळं आहे. ती डबकी संग्राहकांच्या फौजेने लुटली, ती आता कोणालाच तशी दिसणार नाहीत, आणि आपल्या पुस्तकांनी हे घडवलं याचं बापाला फार वाईट वाटलं, असं तो लिहितो.

मला एडमंडचं म्हणणं थोडं तिखटमीठ लावलेलं वाटतं. बापाच्या कडव्या धर्मश्रद्धेशी त्याचं आयुष्यभर वाजलं होतं, आणि बालपणीचा समुद्र सगळ्यांनाच जास्त निळा आठवतो. शिवाय आगगाडी आणि काच यांचा वाटा तो मोजतच नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी तिथल्याच ॲन्स्टीज कोव्हमध्ये स्नॉर्केलिंग केलं. चुनखडीचे कडे, पाणी इतकं गार की वेटसूटमध्येही दात वाजतात. ओहोटीला कपारीत लाल समुद्रफुलं मिटून जेलीच्या गोळ्यांसारखी बसली होती. पाण्याखाली जांभळ्या टोकांची हिरवी समुद्रफुलं हात हलवत होती, अगदी भरपूर. म्हणजे किनारा संपला नव्हता. पण गॉसच्या आधी तिथे काय होतं, हे मी कशाशी ताडून बघणार? त्याची चित्रंच तेवढी उरली आहेत.

मालवणला सिंधुदुर्गाजवळ पाण्यात उतरलात तर बघा, मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं टाकतात आणि दमलेली मंडळी प्रवाळावर उभी राहतात. १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे. तिथे हातोडी कोणाच्याच हातात नसते, सगळे प्रेमानेच आलेले असतात. असो.

गॉस १८८८ मध्ये सेंट मेरीचर्चलाच वारला. म्हातारपणी तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रोटिफर बघत असे. १८८६ मध्ये हडसन या अभ्यासकाबरोबर त्याने त्यांच्यावर मोठा ग्रंथ काढला. हे जीव इतके बारीक, की पाण्याच्या एका थेंबात कितीतरी मावतात. दिवाणखान्यात मांडायला ते कोणी नेले नाहीत.