पोटगीच्या अर्जातले मूल

भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या न्यायालयातला पोटगीचा अर्ज उघडला, की आईच्या नावाखाली बहुधा आणखी एक ओळ दिसते : अर्जदार क्र. २, वय अमुक वर्षे, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे लागतात तीच ही अक्षरे. बरेच जण ही ओळ सोडून थेट मजकुराकडे वळतात. या विषयाकडे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचे, वकिलाचे, गावात काम करणाऱ्या विधी स्वयंसेवकाचे मनापासून स्वागत करताना माझी एकच विनंती आहे : आधी त्या ओळीपाशी थांबा.

मुलाची पोटगी हा आईच्या मागणीचा उपभाग नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने अज्ञान मुलाला हा हक्क दिला, मग मूल औरस असो वा अनौरस. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यानेही मुलांचा हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. ४ नोव्हेंबर २०२० चा ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आज देशभर वापरला जातो. उत्पन्न व मालमत्तेची शपथपत्रे दोन्ही बाजूंनी द्यावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हे त्यातले निर्देश. तो वाद नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला होता. तिथे पत्नीसोबत लहानगा मुलगाही अर्जदार होता. अंतरिम आदेशात पत्नीला दरमहा १५,००० रुपये मिळाले. मुलाचे ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये वेगळे धरले गेले. मूल पक्षकार असले की त्याची गरज निराळी मोजली जाते, पुढे वाढ मागायची तर तीही त्याच्या नावाने मागता येते.

पण आईच नसेल तर? समजा, आई वारली, बाप नागपूरजवळ बुटीबोरीला कामाला आणि मुलगी पवनीला आजीकडे वाढते आहे. आजी तिच्या वतीने अर्ज करू शकते. तो कुठे करायचा, इथे खरी अडचण येते. बाप जिथे आहे किंवा राहतो, पत्नी जिथे राहते, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, एवढी ठिकाणे जुन्या कलम १२६ मध्ये होती. नव्या कलम १४५ मध्ये वृद्ध आईवडिलांच्या राहत्या ठिकाणाची भर पडली, हे उत्तमच झाले. मुलाच्या स्वतःच्या राहत्या ठिकाणाचा उल्लेख मात्र अजूनही नाही. ज्या आजीची दर पेशीला रोवणीची मजुरी बुडते, तिला पवनीचे न्यायालय आणि नागपूरचे न्यायालय यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. या उणिवेवर मराठीत गांभीर्याने लिहिले जायला हवे.

दुसरी नाजूक जागा आपसी तडजोडीची. थकलेली आई ‘मुलाची पोटगी मागणार नाही’ असे लिहून देते, तेव्हा ती जे सोडते ते तिचे नसते. दिवाणी दाव्यात अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. ज्याच्या मार्फत मूल उभे आहे त्याचे हितसंबंध मुलाविरुद्ध असतील, तर त्याला दूर करता येते. सज्ञान झाल्यावर दावा पुढे चालवायचा की सोडायचा, हे मूल स्वतः ठरवते. बालहक्क करारातले बारावे कलम, ज्या कामकाजाचा मुलावर परिणाम होतो तिथे त्याचे म्हणणे ऐकावे असे सांगते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला.

पैशांची चिंता वाटत असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ वाचा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पवनीच्या त्या आजीने जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात नातीच्या नावाने अर्ज दिला, तरी पुरे.