पावतीवरचे नाव : एकट्या स्त्रीचे उतारवय आणि तिचे घर

उतारवयात एकट्या स्त्रीने भाड्याच्या घरात राहावे की स्वतःच्या मालकीचे घर करावे, हा प्रश्न आज पुष्कळ कुटुंबांतून विचारला जातो. शिक्षिका, परिचारिका, कचेरीतील कारकून, कारखान्यातील कामगार स्त्री, यांपैकी ज्यांनी लग्न केले नाही, ज्यांचे पती वारले किंवा ज्यांना पतीने टाकले, अशा सर्वांपुढे निवृत्तीच्या सुमारास तो उभा राहतो. सल्ला देणारी मंडळी लगेच कागद-पेन्सिल घेऊन हिशोबाला बसतात. हिशोब केलाच पाहिजे. आम्हीही तो पुढे मांडणार आहोत. परंतु त्याआधी या प्रश्नाचा इतिहास पाहणे अवश्य आहे. मुंबईतील गेल्या शंभर वर्षांचा इतिहास असे सांगतो की, एकट्या स्त्रीच्या डोक्यावरचे छप्पर टिकले की गेले हे ती भाडेकरू होती की मालकीण होती एवढ्यावरच ठरले नाही. कागदावर नाव कोणाचे होते आणि त्या कागदाची मुदत किती होती, यावर ते अधिक ठरले.

प्रथम गिरणगावाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्री-कामगारांचा होता. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांचा भरणा असे. कोकणातून आणि देशावरून आलेल्या या स्त्रियांत विधवा आणि टाकलेल्या बायका पुष्कळ होत्या. त्या राहत कोठे? १९२० नंतर सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमार्फत वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी उभारल्या. त्यांनाच लोक बी. डी. डी. चाळी म्हणतात. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. खोली घेणारा बहुधा पुरुष असे आणि भाड्याची पावती त्याच्याच नावे निघे. एकटी बाई भावाच्या, दिराच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत एका कोपऱ्याची धनीण असे. त्या कोपऱ्याचे ती पैसे देई, पण पावती तिला मिळत नसे.

गिरणीबाहेर याच वस्तीत खाणावळी चालत. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या बायकांना खोली म्हणजे केवळ निवारा नव्हता, ते त्यांचे पोट भरण्याचे साधन होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली, हे अनेकांस ठाऊक आहे. पण खोली गेली की चूल गेली आणि चूल गेली की कमाई गेली, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याचे घर आणि कमाई वेगळी असते. खाणावळवालीची दोन्ही एकाच दारामागे होती.

त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेची स्थिती काय होती? एकत्र कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्राचा आणि राहण्यापुरता हक्क, याहून अधिक काही नव्हते. १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्शावर मर्यादित हक्क मिळाला. हयातीपुरते भोगावे, मात्र विकू नये, असा तो हक्क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने ही मर्यादा उठविली आणि स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली. परंतु चाळीतल्या बाईला या सुधारणेचा उपयोग किती? तिच्या कुटुंबाकडे मालमत्ता अशी नव्हतीच, होती ती भाड्याची खोली. तिचे भवितव्य वारसा कायद्यापेक्षा भाडे-नियंत्रणाच्या कायद्यात लिहिलेले होते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीला पहिला कायदेशीर आळा बसला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे-नियंत्रण कायदा आला. त्याने बहुतेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले आणि ठराविक कारणांवाचून भाडेकरूला काढता येणार नाही असे ठरविले. एकट्या स्त्रीच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता. जिच्या नावे पावती होती ती बाई घरमालकीण नसूनही हयातभर निर्धास्त झाली. भाडे ठरलेले आणि मुदत जवळजवळ आयुष्याची. म्हातारपणाला याहून अधिक ते काय हवे? मालकांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती होईना. इमारती खचल्या, आणि ज्या बाईचे भाडे वाचले तिच्याच डोक्यावरचा गिलावा पडू लागला. शिवाय कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरविल्यामुळे ती बिनपावतीची झाली. पदरचे दागिने मोडून पागडी देणाऱ्या बाईजवळ त्या रकमेचा कागदी पुरावा म्हणून काहीच राहत नसे.

याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. भाडेकरू मरण पावला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाते; आपसांत एकमत न झाल्यास न्यायालय ठरविते. कागदावर ही तरतूद न्याय्य दिसते. पण पुतण्या म्हणे मी कमावता, खोली मला; काकू म्हणे मी येथे चाळीस वर्षे राहिले. कोर्टाची पायरी कोण चढणार? आमच्या युनियनच्या कचेरीत येणाऱ्या बायकांना आम्ही पहिला प्रश्न नेहमी हाच विचारीत आलो की, पावती कोणाच्या नावची? उत्तर ठरलेले असे : "भाऊ, ह्यांच्याच नावची आहे अजून." पती जाऊन पंधरा वर्षे झालेली, भाडे बाई नेमाने भरीत आलेली, आणि नाव मात्र बदललेले नाही. टाकलेल्या बायकांची तर याहून वाईट गत. नवरा निघून गेला, भाडे भरणे त्याने थांबविले, की मालक त्याच्याविरुद्ध दावा लावी. त्या दाव्यात बाईला तोंड उघडण्याचा हक्क आहे की नाही हाच वाद. टाकलेल्या पत्नीला अशा दाव्यात आपली बाजू मांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला, मग त्या घरावर तिचे नाव असो वा नसो.

आता भाड्याच्या घराचे स्वरूप कसे पालटले ते पाहू. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. जे आत होते त्यांचे भले झाले. पण धास्तावलेल्या मालकांनी पुढे रिकाम्या जागांना कुलपे घातली. जी बाई त्यानंतर घर शोधू लागली तिला त्या संरक्षणाचा लाभ नव्हताच, उलट घरे कमी झाली. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने बव्हंशी राखले आणि पागडीला कायदेशीर रूप दिले. मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची मुदत संपताच जागा परत मिळविण्याचा सुलभ मार्ग मालकाला मोकळा केला. तात्पर्य, 'भाड्याचे घर' हा शब्द एकच राहिला, पण त्याचा अर्थ दोन झाला. आजीचे भाड्याचे घर आयुष्यभराचे होते. नातीचे अकरा महिन्यांचे आहे. आजीच्या अनुभवावरून नातीला सल्ला देणारे लोक येथेच फसतात.

मग मालकी बरी, असे कोणी म्हणेल. मालकीचा मार्गही या काळात तयार होत गेला. १९१५ च्या सुमारास गावदेवी येथे सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली; १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा यांनी मध्यमवर्गाला मालकीच्या सदनिकेची वाट करून दिली. पण त्या वाटेने जायला निवृत्तीची पुंजी हवी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. तोवर कापडगिरण्यांतून स्त्रिया मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तेव्हापासून मालकांना स्त्री-कामगार महाग वाटू लागली. पुढे यंत्रे सुधारली तशी त्यांचीच खाती आधी आकसली. फंड आणि ग्रॅच्युइटीचे दिवस आले तेव्हा त्या घरकामाला, खाणावळीला आणि फेरीला लागल्या होत्या, जेथे यांपैकी काही मिळत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर उरलेल्यांचीही वाताहत झाली. गिरण्यांच्या जमिनींतून कामगारांना घरे द्यावीत या मागणीसाठी वर्षानुवर्षे लढा द्यावा लागला. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदारांत कामगारांच्या विधवा होत्या, परंतु त्या आल्या पतीच्या वारस म्हणून. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना मालकीच्या सदनिका मिळाल्या, तेव्हाही विचारला गेला तो जुनाच प्रश्न : भाडेकरू म्हणून नाव कोणाचे? शंभर वर्षांपूर्वीच्या पावतीचे असे मालकीत रूपांतर झाले. आणि कोपऱ्यात राहून गेलेल्या बाईचा त्यात मागमूस नाही.

मालकी मिळाल्यावर तरी गोष्ट संपते काय? १९५६ च्या ज्या कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, त्याच्याच १५ व्या कलमाने मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीच्या वारसांचा क्रम ठरविला. प्रथम मुले आणि पती. ती नसतील तर पतीचे वारस. तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली मुलगी सासरहून हाकलली गेली, माहेरी शिकली, नोकरी केली, पैसा साठविला आणि मृत्युपत्र न करता वारली. स्वकष्टाची ती पुंजी सासरच्या वारसांना गेली. न्यायालयाने कायदा आहे तसा लावला. सदनिकेलाही हाच नियम लागतो. म्हणून निपुत्रिक विधवेने घर घेतले आणि मृत्युपत्र केले नाही, तर तिने घर कोणासाठी घेतले हे तिच्या माघारी कायदाच ठरविणार.

आता हिशोब. दरमहा ८,००० रुपये भाडे असेल आणि ते दरसाल ५ टक्क्यांनी वाढेल असे समजा. चौदा-पंधरा वर्षांत ते दुप्पट होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेली बाई तेव्हा त्र्याहत्तरीत असते. तिचे निवृत्तिवेतन दुप्पट झाले आहे काय? सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेच्या जुन्या पेन्शनला महागाई भत्त्याची जोड असते, ती कसेबसे पेलते. कारखान्यातल्या बाईचे पेन्शन १९९५ च्या योजनेतले. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम ठरली ती दरमहा १,००० रुपये. म्हणून 'भाडे स्वस्त की मालकी' याला सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. जिचे पेन्शन महागाईबरोबर वाढते आणि हाती शिल्लक आहे, तिने भाड्याने राहून दवाखान्याजवळ, तळमजल्यावर, हवे तेव्हा बदलता येईल असे घर घेतले तर त्यात गैर नाही. जिचे पेन्शन गोठलेले आहे तिने, आमच्या मते, लहान का होईना, दूर का होईना, स्वतःचे छप्पर आधी करावे. त्यासाठी सारी पुंजी मात्र ओतू नये, कारण सोसायटीची वर्गणी, घरपट्टी आणि दुरुस्ती ही मालकिणीला चुकत नाहीत.

तिसरा मार्ग आमच्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त घडतो : फंडाचे पैसे मुलाच्या किंवा भाच्याच्या सदनिकेत घालायचे, आणि कागदावर नाव त्याचे. यात बाई भाडेकरूही नाही, मालकीणही नाही. ती पुन्हा बी. डी. डी. चाळीच्या कोपऱ्यात आली. पैसे द्यायचेच असतील तर आपले नाव पहिले घालावे. आधीच घेतलेले आपले घर बक्षीसपत्राने देणे झाले, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलम अशी अट मोडली गेल्यास व्यवहार रद्द करण्याची मुभा देते.

हे झाले ज्याने त्याने करायचे. पण संघटनेच्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. १९४७ चा कायदा भाडेकरूंच्या चळवळीवाचून टिकला नसता आणि गिरणी कामगारांची घरे मोर्चांवाचून मिळाली नसती. साठीनंतरच्या एकट्या भाडेकरूला निदान दहा वर्षांचा नोंदणी केलेला करार, ठरीव दराने भाडेवाढ आणि मालकालाही दुरुस्तीपुरते रास्त भाडे, अशी व्यवस्था कायद्याने करता येणे अशक्य नाही. निश्चित मुदत आणि परवडणारे भाडे यांचा मेळ घालणे १९४७ ला अर्धेच साधले आणि २००० नंतर सुटले. तो पुन्हा घालून घेणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे. तोवर या सभागृहातून घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढे करावे : घरातल्या बाईच्या राहत्या जागेचा कागद काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते तिच्यासमोर वाचून पाहावे.