पाचगणीचे बेल-एअर आणि आठवणींची पेटी

१/१८
झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स झाल्याचे त्याने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, अवघ्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. #थ्रेड #इतिहास

२/१८
फ्रेडीचे सारे काही जगाने जपले: आवाज, छायाचित्रे, कपडे, शाळेतल्या वाद्यवृंदाचे नावसुद्धा. त्याच पाचगणीच्या, म्हणजे महाबळेश्वर तालुक्याच्या आणि सातारा-सांगलीच्या गावोगावच्या घरांत या आजाराने साधी माणसेही गेली. त्यांच्या मुलांना आपल्या आईवडिलांविषयी काय ठाऊक आहे? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे.

३/१८
सुरुवात एका इमारतीपासून करू. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत क्षयरुग्णांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. क्षयावर गुणकारी असे पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, १९४० च्या दशकात आले. तोवर स्वच्छ कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता, आणि पाचगणीची हवा त्यासाठी नामांकित होती.

४/१८
त्या काळी घरात क्षयाचा रुग्ण असला की त्याचे ताट-वाटी वेगळे होई आणि सोयरीक जुळताना ती गोष्ट लपवली जाई. १९६४ मध्ये बेल-एअर भारतीय रेडक्रॉसकडे आले. १९९० च्या दशकानंतर त्याच टेकडीवर एचआयव्हीबाधितांवर उपचार होऊ लागले. यात एक वैद्यकीय सातत्यही आहे: एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या भारतीय रुग्णांना सर्वाधिक गाठणारा आजार क्षयच होता.

५/१८
भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला आणि दूरच्या शहरांना जात. ज्या वाटेने मनीऑर्डर घरी येई, त्याच वाटेने हा विषाणूही आला. त्यात दोष वाटेचा नव्हता आणि चालणाऱ्याचाही नव्हता.

६/१८
त्यानंतर घरोघरी जे घडले, त्याचा साचा कार्यकर्त्यांना पाठ आहे. मुलगा आजारी होऊन गावी परते. गावात सांगितले जाई, ‘कावीळ झाली’, ‘टीबी झाला’. तो गेल्यावर दोष सुनेवर येई. पुष्कळदा तिला मुलांसह माहेरी धाडले जाई. भिंतीवरचे लग्नाचे छायाचित्र उतरे. आजाराचे नाव टाळता टाळता माणसाचेही नाव घरातून नाहीसे होई.

७/१८
सांगलीत १९९२ पासून मीना सरस्वती सेषु आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संग्राम’ या संस्थेने गोकुळनगरमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत काम सुरू केले. १९९६ मध्ये त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्यांच्याकडे समाज ‘आजाराचे कारण’ म्हणून बोट दाखवत होता, त्याच स्त्रिया आरोग्यकार्यकर्त्या झाल्या.

८/१८
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. आपल्याकडे घराण्याची आठवण कोण जपते? सांगली-कोल्हापूर आणि सीमाभागात सुगीनंतर हेळवी येतो. पणजोबा-खापरपणजोबांची नावे तो घडाघडा म्हणतो, नवी नावे वहीत चढवतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्या असतात. काही घराण्यांनी तर कुलवृत्तांत छापून घेतले.

९/१८
या सर्व व्यवस्थांचे गृहीत एकच असते: विचारल्यावर उत्तर देणारे कोणीतरी घरात आहे. आईवडील दोघेही गेलेल्या आणि नातलगांनी दूर केलेल्या मुलासाठी हेळव्याच्या वहीत नाव सांगणार कोण? मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, देवक काय, मामाचे गाव कुठले, हे प्रश्न त्याला मात्र आयुष्यभर विचारले जातात.

१०/१८
हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. जात पडताळणीसाठी वंशावळ लागते. वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले लागतात. बापाच्या जमिनीवर नाव लागण्यासाठी तलाठ्याकडे वारसनोंद व्हावी लागते. आठवण पुसली गेली की शिष्यवृत्ती, आरक्षणातील प्रवेश आणि सातबाऱ्यावरचा हक्क एकामागून एक निसटू लागतात.

११/१८
हाच पेच आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १९९० च्या दशकात युगांडातील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या ‘नॅक्वोला’ या संघटनेने बार्नार्डोज या ब्रिटिश बालकल्याण संस्थेच्या साहाय्याने एक साधी गोष्ट सुरू केली: आठवणींची वही. आजारी आईने आपल्या मुलासाठी ती स्वतःच्या हाताने लिहायची.

१२/१८
त्या वहीत काय असे? तू जन्मलास तो दिवस. तुझा पहिला शब्द. माझे बालपण. आपले कूळ, चालीरीती, नातलग कोण आणि कुठे. तुझ्यासाठी माझ्या इच्छा. लिहिता लिहिता पुष्कळ आयांना मुलांजवळ आपल्या आजाराविषयी बोलण्याचे धैर्य आले. माझ्यामागे मुले कोणाकडे राहतील, जमीन कोणाची, हेही मग आई असतानाच ठरू लागले.

१३/१८
दक्षिण आफ्रिकेत हे काम थेट इतिहासकारांनी हाती घेतले. क्वाझुलु-नाताल विद्यापीठातील इतिहासकार फिलिप डेनिस यांच्या ‘सिनोमलांडो’ केंद्राने मौखिक इतिहासाची पद्धत आजारी माणसाच्या घरात नेली. मुलांदेखत कुटुंबाची कहाणी ध्वनिमुद्रित करायची, ती लिहून काढायची आणि छायाचित्रे-वस्तूंसह एका पेटीत ठेवून ती पेटी मुलांच्या हाती द्यायची. ‘सिनोमलांडो’ या झुलू शब्दाचा अर्थ: ‘आमचा इतिहास आहे.’

१४/१८
अमेरिकेत आठवणीने गोधडीचे रूप घेतले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकड्यांची एक प्रचंड गोधडी अंथरण्यात आली. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा आणि एका मृताच्या नावाचा. जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून वाढलेल्या आपल्याला ही भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१५/१८
पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या भाळी लिहून जाते, अशी आपली समजूत आहे. आठवणींच्या वहीत ती लेखणी आई स्वतः हाती घेते. अशी पेटी आपल्याकडच्या घरात भरली, तर तीत काय असेल? लग्नपत्रिका, रेशनकार्डाची प्रत, जुना सातबारा, आजीची जात्यावरची ओवी, वडिलांच्या हाताचा हिशेब, आईच्या लुगड्याचा काठ.

१६/१८
१ एप्रिल २००४ रोजी सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधे सुरू झाली. सर्वाधिक प्रादुर्भावाच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. आज ही औषधे नियमित घेणारी व्यक्ती दीर्घ आणि निरोगी आयुष्य जगू शकते. त्या औषधांआधी जे गेले, त्यांची मुले मात्र आता आपल्याच वयाची, विशी-तिशीतली आहेत. कोणी वर्गात आपल्या शेजारी बसलेलेही असेल.

१७/१८
आठवणींच्या वहीने जे प्रश्न मांडले, त्यांपैकी काहींची उत्तरे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहेत. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. बाधित कुटुंबातील पालक मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमू शकतो. घर सांभाळणारे १२ ते १८ वर्षांचे समंजस भावंड धाकट्यांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्ता यांचे व्यवहार पाहू शकते. बाधित मुलांच्या मालमत्तेचे रक्षण ही शासनाची जबाबदारी आहे.

१८/१८
हाच कायदा सांगतो की संमतीविना कोणाचीही एचआयव्हीस्थिती उघड करता येत नाही. म्हणून, इतिहासप्रेमी मित्रांनो, आजाराची चौकशी करत कोणाच्या दारी जाऊ नका. कुटुंबाने स्वतःहून बोलावले, तर एवढे करा: जुनी कागदपत्रे स्कॅन करून द्या, वंशावळ लिहायला मदत करा, आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करा, छायाचित्रामागे नाव आणि साल लिहा. काम झाले की सर्व प्रती त्यांच्या हाती द्या आणि आपल्या फोनमधली प्रत पुसून टाका. ती पेटी त्या मुलाची आहे. ती केव्हा आणि कोणासमोर उघडायची, हे त्याने ठरवायचे.