मोतीबिंदूची चीर आणि कोरडा डोळा

"डॉक्टर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसतंयही स्वच्छ. पण डोळ्यात सारखं कुसळ गेल्यासारखं टोचतं. भिंग सरकलं का हो?" सातारा-सांगलीकडचे पेशंट बीपी तपासून उठता उठता हा प्रश्न हमखास विचारतात. भिंग बहुधा जागेवरच असतं. टोचण्याचं कारण असतं ऑपरेशनच्या चिरेत, आणि त्या चिरेला बराच जुना इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेतल्या पद्धतीत भिंग काढत नसत, शलाकेने नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलत. फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कापून मोतीबिंदूच बाहेर काढला. आपल्याकडे या ऑपरेशनची आठवण निघाली की मिरज येतंच. कॅनडात जन्मलेले मिशनरी सर्जन डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

त्या जमान्यात चीर बुबुळाच्या वरच्या जवळपास अर्ध्या कडेने फिरे. मग डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कित्येक दिवस हलायचं नाही. घरी जाताना जाड भिंगांचा चष्मा. डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवलं ते लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी, १९४९ मध्ये. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची युक्ती काढली. तेच आजचं 'फेको'. त्याची चीर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची.

पण लहान असली तरी ती चीरच. कॉर्नियातल्या बारीक नसा कडेकडून आत येतात, त्यातल्या काही कापल्या जातात. डोळा कोरडा पडतोय ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. अश्रू कमी येतात, पापणीही कमी लवते. कधी उलट भळाभळा पाणी येतं, तेही कोरडेपणामुळेच! नसा परत वाढायला साधारण तीन महिने, कधी जास्तही लागतात. मधुमेह असेल किंवा डोळे आधीच कोरडे असतील तर त्रास अधिक.

मग आजीने कधी तक्रार का केली नाही? चीर तर तिचीच मोठी होती. मला वाटतं, नातवंडांचे चेहरे पुन्हा दिसू लागल्यावर खुपण्याचं कौतुक कोणाला! आज आपल्याला महिन्याभरात मोबाइल वाचायचा असतो.

तुम्ही काय कराल? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घाला. दिवसातून बऱ्याचदा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते रसायनच डोळ्याला झोंबतं. पंख्याचा झोत तोंडावर नको, टू-व्हीलरवर चष्मा हवा, स्क्रीनसमोर आठवणीने पापण्या मिटा. ऑपरेशननंतरची उरलेली स्टेरॉइडची बाटली मात्र मनाने पुन्हा सुरू करू नका. बरं वाटतं, पण आत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

आणि ठणका लागला, डोळा लालबुंद झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर तो कोरडेपणा समजू नका. जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा.