चित्र कोणी निवडायचे?

गणेशोत्सवात मुलांच्या चित्रकलेची आणि रांगोळीची स्पर्धा घेण्याची आपली प्रथा जुनी आहे. स्पर्धेचा निकाल लागला, की मंडपात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘परीक्षक कोण होते?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपल्या मुलाचे हुकलेले बक्षीस असते. तरी प्रश्न मात्र अगदी योग्य असतो. चित्र कोणी काढले याइतकेच, ते कोणी निवडले यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. महाराष्ट्राच्या चित्रकलेचा गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरला आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या सिल्वासाच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

चित्रे मागवायची, जाणकारांच्या समितीने त्यांतली निवडायची आणि निवडलेली तेवढी भिंतीवर लावायची, ही पद्धत युरोपातली. लंडनच्या रॉयल अकादमीचे वार्षिक प्रदर्शन १७६९ पासून भरते आहे. पॅरिसमध्ये तर अशा सरकारी प्रदर्शनात चित्र लागले, तरच चित्रकाराला गिऱ्हाईक मिळे. १८६३ मध्ये तिथल्या परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली, की ओरड थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर गेली. नाकारलेली चित्रेही लोकांना पाहू द्या, असा हुकूम त्याने सोडला आणि ‘नाकारलेल्यांचे प्रदर्शन’ वेगळे भरले. लोक तिथे हसायला गेले. पण ज्या एदुआर माने याच्या चित्राची तिथे सर्वांत जास्त टिंगल झाली, त्याच्यापासून आज आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगितला जातो.

ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती बॉम्बे आर्ट सोसायटीने. तिची स्थापना १८८८ ची, म्हणजे लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली त्याच्या पाच वर्षे आधीची. सुरुवातीला तिथे इंग्रज अधिकारी आणि हौशी गोऱ्या चित्रकारांचा वरचष्मा होता. मुंबईत १८५७ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू होते आणि तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या मराठी मुलांना आपले काम दाखवायला या वार्षिक प्रदर्शनाइतकी मोठी जागा दुसरी नव्हती. कोल्हापूरहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ मध्ये ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्रासाठी सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय चित्रकार. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प गाजले. पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी त्यांनी घडवली, तेव्हा ते विद्यार्थिदशेतच होते.

या दोन्ही कलाकृतींत एक गोष्ट समान आहे. विषय मराठी घरातला आहे, हात मराठी आहे. पण प्रकाश कुठून पडतो, शरीराचे प्रमाण कसे असते, वस्त्राची चुणी कशी दिसते, हे सारे युरोपीय शाळेतले आहे. परीक्षकांना ओळखू येईल अशा भाषेत धुरंधर आणि म्हात्रे बोलले आणि ती भाषा त्यांनी परीक्षकांपेक्षाही सुंदर बोलून दाखवली. त्यांचे मोठेपण यात कमी होत नाही. पण परीक्षकाला जी भाषा समजते तिच्यातलेच चांगले काम वर येते, हेही यातून दिसते.

पुढे ही चौकट आतून आणि बाहेरून हलू लागली. १९१८ मध्ये भारतीय कलावंतांनी पुढाकार घेऊन आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही स्वतंत्र संस्था काढली. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनेच अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. अजिंठ्याची आणि पहाडी चित्रांची ओढ असलेल्या या तरुणीचे काम तेव्हाच्या अनेकांना रुचणारे नव्हते. म्हणजे परीक्षक नेहमीच चुकतात असे नाही. पण दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, के. एच. आरा यांचे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे भलेमोठे चित्र सोसायटीच्या प्रदर्शनात नाकारले गेले. आरा हे घरगड्याचे काम करता करता चित्रकार झालेले गृहस्थ. त्या नकाराने तरुण चित्रकारांच्या मनातली ठिणगी पेटली आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे, बडोद्याचे सदानंद बाकरे, सैयद हैदर रझा आणि स्वतः आरा असे हे सहाजण. विशेष म्हणजे जुलै १९४९ मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, ते मुंबईत रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. जिने दार लावले, तिनेच आपली भिंत दिली. एखादी संस्था मोठी कशी होते, हे यावरून समजावे.

चित्रकारांना हक्काची इमारत मिळाली ती त्यानंतर. काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी २१ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने ती बांधून दिली. तिच्यासाठी चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. आता कलावंताला कोणाच्या दिवाणखान्याची वाट पाहावी लागणार नव्हती. याच इमारतीत पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू गांधी यांनी केमोल्ड हे दालन उघडले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना तिथे घडली ती १९७५ मध्ये. त्या वर्षी तिथे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे लागली.

म्हसे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे. सिल्वासाहून ते गाव काही फार लांब नाही. मधली सरहद्द कागदावरची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना तीच माणसे, तेच डोंगर, तोच तारपा. खानवेल, मांदोनी, दुधनीकडे ज्यांचे कामानिमित्त जाणे-येणे आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपण आज चादरीवर, कपबशीवर, सोसायटीच्या फाटकावर जी वारली नक्षी पाहतो, तिचे मूळ घर म्हणजे लग्नघरातली आतली भिंत. शेणमातीने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, टोक ठेचलेल्या काडीने सवासिनी चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते; तिच्याभोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. धवलेरी गाणी म्हणते, आणि हा चौक असल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. इथे चित्र विकायचे नसते, टिकवायचेही नसते. त्याला सोनेरी चौकट नाही, कोपऱ्यात सही नाही, बक्षीस नाही.

मग तिथे परीक्षक नव्हते का? होते, आणि फार कडक होते. पालघट नीट बसली आहे का, चौकाच्या रेषा पुऱ्या आहेत का, जे यायला हवे ते आले आहे का, हे पाहणाऱ्या जाणत्या बायका तिथेच असत. चूक राहिली तर एक पदक हुकणार नव्हते, लग्नातच उणे राहणार होते. कलेची पारख त्या झोपडीतही होती. फक्त मुंबईच्या परीक्षकांना तिची भाषा ठाऊक नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या स्थापनेच्या वर्षीही असे चौक लिहिले जात होते. प्रदर्शनाच्या दारात ते कधी आले नाहीत, कारण भिंत उचलून आणता येत नाही आणि ‘चित्र पाठवा’ असे त्या बायकांना कोणी म्हटलेही नव्हते.

ही दरी ओलांडणारा माणूस होता भास्कर कुलकर्णी, जे. जे. मध्ये शिकलेला चित्रकार. बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांनी त्याला मिथिलेत पाठवले. तिथल्या बायकांच्या हाती कागद देऊन भिंतीवरची मधुबनी चित्रे बाजारात आणण्याचे काम त्याने केले. तोच पुढे डहाणूच्या पाड्यांवर आला आणि म्हसे यांच्या हातातले बळ त्याने ओळखले. लहानपणी आई गेल्यावर म्हसे यांचे बोलणे थांबले होते आणि धुळीत रेघोट्या ओढून ते मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा वारली हे नाव जगाला माहीत झाले होते. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. चौक लिहिणाऱ्या बायका होत्या. कागद आणि दालन आल्यावर नाव झाले ते मुख्यतः पुरुषांचे. धवलेरीच्या गाण्याशिवाय चौकाला अर्थ नव्हता; कागदावर गाणे येत नाही. परीक्षक बदलला, की चित्र बदलते आणि चित्रकारही बदलतो. म्हणून परीक्षक कोण, हा प्रश्न हलका नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. मराठ्यांच्या आरमाराने सान्ताना हे पोर्तुगीज जहाज घेतले, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना दिला आणि १७८३ मध्ये हा मुलूख त्यांच्या हाती गेला. सिल्वासा तेव्हा साधे खेडे होते. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी कारभाराचे ठाणे इथे आणले आणि गावाला ‘पासो द आर्कुस’ असे नाव दिले. ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. त्या काळाची ठळक खूण म्हणजे १८९७ मध्ये बांधलेले अवर लेडी ऑफ पायटीचे चर्च. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे उतरली होती, हे आपल्या घरांत अभिमानाने सांगितले जाते.

२०२९ मध्ये मुक्तीला पंचाहत्तर वर्षे होतील. अशा वेळी गावातल्या जुन्या वास्तूंची आठवण निघते, त्यांची चित्रे काढवून प्रदर्शन भरवण्याची कल्पनाही हमखास पुढे येते. कल्पना उत्तम आहे. जुनी वास्तू जपण्याचा पहिला उपाय म्हणजे गावातल्या मुलांनी तिच्यासमोर तास-दोन तास बसून तिच्याकडे पाहणे. कमान किती रुंद आहे, कौलांचा उतार कसा आहे, सावली कुठे पडते, हे ज्याने काढून पाहिले, तो मोठेपणी ती वास्तू सहज पाडू देणार नाही.

पण तेव्हा इतिहासाने शिकवलेल्या तीन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात. निवड करताना चित्रकाराचे नाव झाकलेले असावे आणि कशाला गुण मिळणार हे आधी जाहीर व्हावे. न निवडलेल्या चित्रांसाठी एक भिंत मोकळी ठेवावी. पॅरिसला ती १८६३ मध्ये सुचली होती. आणि परीक्षकांच्या टेबलाशी कलाशिक्षकांच्या शेजारी चौक लिहिणारी एक वारली बाई बसावी, केवळ सत्कारापुरती नव्हे, तर इतरांइतकेच गुण देण्याचा अधिकार घेऊन.

आपण मराठी माणसे या भूमीत कोणी तीन पिढ्यांपूर्वी आलो, कोणी कारखाने उभे राहिल्यावर आलो. ती त्याआधीपासून इथे आहे. आपली मुले चर्चची कमान किंवा जुने घर कागदावर उतरवतील, तेव्हा ती त्याकडे कशी पाहते आणि काय म्हणते, हे त्या मुलांनी जरूर ऐकावे. आपल्या मंडळाला त्यासाठी २०२९ ची वाट पाहायचीही गरज नाही. पुढच्या उत्सवातल्या मुलांच्या स्पर्धेपासून सुरुवात करता येईल.