भाड्यातला चौथा हिस्सा

गेल्या वर्षी आपल्या गटातल्या एका ताईंनी बैठकीत विषय काढला. "तालुक्याला दोन खोल्यांचं जुनं कौलारू घर विकायला आहे. माझ्या नावावरचं पहिलं घर होईल. थोडी दुरुस्ती करते आणि भाड्यानं देते. भाडं तीन हजार, कर्जाचा हप्ता सव्वीसशे. चारशे हातात राहतील."

हिशेब सगळ्यांना पटला. मला मात्र माझ्या आजोबांची लालबागची चाळ आठवली. त्या चाळींची गोष्ट मी तेव्हा बैठकीत सांगितली, ती आज तुम्हालाही सांगते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईला गेली. त्यांना राहायला जागा हवी होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी चाळी बांधल्या. लांब गॅलरी, ओळीनं खोल्या, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. बांधणाऱ्याचा हेतू सरळ होता: दर महिन्याला भाडं यावं. ताईंचा हेतूही तोच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गर्दी झाली, जागा अपुऱ्या पडल्या. भाडी भडकू नयेत, गरिबाला कुणी रस्त्यावर काढू नये, म्हणून १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा झाला. जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी होतं तेवढ्यावरच बांधलं गेलं. आजोबांसारख्या कामगारांना त्याचा मोठा आधार झाला. गिरणी बंद असली तरी डोक्यावरचं छप्पर टिकलं.

पण लाकूड, चुना, गवंड्याची मजुरी वाढतच गेली. मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात डागडुजी कशी करू? भाडेकरू म्हणे, घर माझं नाही, मी का खर्च करू? कायद्यात एक सोय होती. नोटीस देऊनही मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूनं ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडंच इतकं थोडं, की त्या चौथ्या हिश्श्यात एक तुळईसुद्धा बदलून होईना.

तुळया कुजल्या, भिंतींत पाणी मुरलं. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, माणसं दगावली. शेवटी १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला, मंडळ नेमावं लागलं. पुढे ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यानं अशा जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा दिली.

मालक लबाड होता की भाडेकरू, या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की सगळं भाडं ही कमाई नसते. त्यातला काही भाग घराचा असतो. तो घराला मिळाला नाही, तर घर तो वसूल करतंच.

म्हणून मी ताईंना म्हटलं, कायद्यातला तो चौथा हिस्सा आपण आपल्याच हिशेबात धरू. तीन हजारांतले साडेसातशे डागडुजीला बाजूला काढले, की उरतात सव्वाबावीसशेच्या वर पंचवीस. हप्ता सव्वीसशे. म्हणजे दर महिन्याला साडेतीनशे खिशातून जाणार, आणि घर रिकामं राहिलं तर सगळाच हप्ता.

ताई नाराज झाल्या. पण त्यांनी वर्षभर बचत वाढवली, कर्ज कमी घेतलं, हप्ता दोन हजारांवर आणला. रंग नंतर, आधी वासे आणि कौलं बदलली. भाडेकरार लेखी केला आणि नोंदवला. नव्या कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाचीच आहे.

या जुलैत भाडेकरणीचा फोन आला, मोरीची भिंत ओलावली आहे. ताईंनी डब्यातले साडेसातशे-साडेसातशे मोजले आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी धाडला.

तुम्हीही घर बघत असाल, तर एक डबा आधी घ्या.