शिराज नावाचं द्राक्ष

फारसी गझलेच्या वाचकाला शिराज म्हटलं की हाफिज आठवतो आणि पाठोपाठ मद्याचा प्याला. ऑस्ट्रेलियातल्या एका काळ्या द्राक्षाचं नावही शिराजच. फ्रान्समध्ये त्यालाच सिरा म्हणतात. ऱ्होन नदीकाठच्या हर्मिटेज टेकडीवर एका धर्मयोद्ध्यानं ते इराणातून आणलं, अशी दंतकथा आहे. कवीला ती आवडणारच! पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासला, तेव्हा आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सचेच निघाले: माँदूझ ब्लांश हे पांढरं द्राक्ष आणि द्युरेझा हे काळं. इराणचा संबंध उरला नावापुरता. खुद्द शिराजमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर मद्याला बंदीच आहे.

१८३२ मध्ये जेम्स बस्बी यांनी युरोपातल्या वेली ऑस्ट्रेलियात पोचवल्या, त्यांत हीही होती. बरोसाच्या उन्हात हे द्राक्ष भरपूर पिकतं. त्याची वाइन गडद, जड. ऱ्होनच्या थंड उतारावर तिला मिऱ्याचा वास येतो. ही कवीची उपमा वाटेल, पण मिऱ्यातलं रोटंडोन हेच द्रव्य या द्राक्षात असल्याचं २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं. नाशिककडचे बागायतदारही हे द्राक्ष लावतात; बाटलीवर नाव मात्र ऑस्ट्रेलियातलं, शिराज.